लग्न झालंय का? (होस्टेलच्या मुलींच्या चिठ्ठ्या)

रेक्टरबाई, ५ ऑगस्ट, रात्री १०:५०

गेली अकरा वर्षं मी एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. गावाचं नाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण समजा. दिवसा कॉलेजात इतिहास शिकवते, रात्री गेटची किल्ली सांभाळते. मुली बी.ए., बी.एस्सी.च्या, थोड्या एम.एस्सी.च्या. बहुतेकींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच.

मागच्या हिवाळ्यात रात्री दोनला वरच्या मजल्यावरच्या मुली माझं दार ठोठावत आल्या. बाथरूमच्या फरशीवर एक पोरगी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, पोट दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. "पाळीचं दुखतंय मॅडम," एवढंच म्हणत होती. रिक्षावाल्याला झोपेतून उठवून दवाखाना गाठला. ड्युटीवरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" ती म्हणाली, "नाही." केसपेपरवर 'अनमॅरीड' लिहिलं गेलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं गेलं आणि आम्ही दोघी बाकावर बसलो.

रक्त थांबेना. पहाटे पाचला तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं की चार दिवसांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीनं गोळ्या मागवून घेतल्या होत्या. किती दिवस गेले होते विचारलं तर म्हणाली, पाच आठवडे. सोनोग्राफीत आठ निघाले. पोरगी वाचली. परीक्षेलाही बसली. तिला विचारून आणि ओळख पटेल ते सगळं बदलून हे लिहितेय.

माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच. ती झूऑलॉजीची. नंतर तिच्या खोलीतून कपडे आणायला गेले तेव्हा टेबलावर जर्नल उघडं होतं. स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती, टोकदार पेन्सिलीनं काढलेली, पट्टीनं बाण ओढून एकेक नाव लिहिलेलं. खाली सरांची लाल सही आणि 'गुड'.

त्यानंतर मी बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला खाच पाडून तो जिन्याखाली टांगला. तिथं कॅमेरा नाही. सांगितलं, हवं ते विचारा, नाव नको, अक्षर ओळखू येईल वाटलं तर डाव्या हातानं लिहा. पहिल्या आठवड्यात एकच चिठ्ठी: "मेसच्या आमटीत मीठ नसतं." दुसऱ्या आठवड्यात डबा भरला. थोड्या जशाच्या तशा देते.

"महिन्यात तीनदा ७२ तासवाली गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही का?"

"अंगावर पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात ना? आई म्हणते."

"पीसीओडी आहे. डॉक्टर म्हणाले पुढे दिवस राहायला त्रास होईल. मग आत्ता काही वापरायची गरज नाही ना?"

"पाळीत कप वापरला तर लग्नानंतर नवऱ्याला कळेल का?"

"गौरीला डेट येते. दर वर्षी आई गोळी देते. चालतं का?"

आणि एकच प्रश्न सात-आठ वेगवेगळ्या अक्षरांत आला: "डॉक्टरकडे एकटी गेले तर घरी फोन करतात का?"

पुढच्या महिन्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावतेय. त्याआधी इथल्या बायकांचे (आणि समंजस बुवांचे) अनुभव हवेत. 'संस्कार कमी पडले' हे सांगायचं असेल त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

चहाबाज, ५ ऑगस्ट, रात्री ११:१५

वाचतोय. मिठाच्या चिठ्ठीला हसलो आणि खालच्या वाचून हसू गेलं. मला बोलण्यासारखं काही नाही, दोन मुली आहेत म्हणून बसून राहतो.

स्टेथोवाली, ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

रेक्टरबाई, आधी त्या रात्रीबद्दल. 'लग्न झालंय का' ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. आम्हाला विचारायचं असतं की संबंध आलाय का, दिवस गेलेले असू शकतात का, आतून तपासायचं की नुसतं पोटावरून. हे सगळं आम्ही एका सोज्वळ प्रश्नात कोंबतो आणि मुलगी त्याला तितकंच सोज्वळ उत्तर देते. मीही दहा वर्षं तसंच विचारलं. मग एकदा 'अनमॅरीड' लिहिलेली मुलगी गर्भनलिकेतला गर्भ फुटून आली, पोट रक्तानं भरलेलं. तेव्हापासून सोबतच्यांना बाहेर बसवते आणि सरळ विचारते. उत्तर काहीही येवो, पाळीच्या वयातली बाई पोटात दुखतंय म्हणून आली की लघवीची टेस्ट करतेच.

तिचे पाच आणि सोनोग्राफीचे आठ यांचा मेळ का बसला नाही, ते तुमच्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवा. आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. मुली संबंध आला त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तिथंच दोनेक आठवडे कमी. कुणी पाळी चुकल्यापासून मोजतात, मग चार कमी. आणि गोळ्या किती आठवड्यांपर्यंत चालतात ते पाकिटावर आमच्या हिशेबानं लिहिलेलं असतं.

आता ७२ तासवाली, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम. ती बीज सुटणं लांबवते, बस. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही आणि गर्भ राहिलेला असेल तर ती पाडू शकत नाही. म्हणून 'तीन दिवस आहेत अजून' म्हणून थांबायचं नसतं, जितकी लवकर तितकी बरी. मूल न होण्याशी तिचा संबंध नाही. पण पाळी मागेपुढे होते, मुलगी घाबरते, पुन्हा घेते. त्या एका वेळेपुरती ती आहे, पुढच्या चार दिवसांची हमी देत नाही. आणि गोळीनंतर दिसलेलं थोडं रक्त म्हणजे 'आली एकदाची' असं नाही. तीन आठवड्यांत नेहमीसारखी पाळी आली नाही तर टेस्ट करा.

पीसीओडीवाल्या चिठ्ठीनं मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. दिवस राहायला वेळ लागू शकतो आणि दिवस राहतच नाहीत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या आजारात बीज कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणजे उलट जास्त सांभाळायला हवं. 'आता लग्न लवकर उरका' असं मुलीसमोर आईला सांगणाऱ्या डॉक्टरांना मी काय म्हणते ते इथं लिहीत नाही. शिवाय नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून पीसीओडी ठरत नाही. पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं आणि बीजकोषाचं चित्र, या तिनांतली दोन लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर ते चित्र धरूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटलंय. अठरा वर्षांच्या कित्येक मुली हा शिक्का घेऊन फिरतात, त्यांतल्या बऱ्याचजणींना काहीही झालेलं नसतं.

पांढऱ्या पाण्यानं हाडं झिजत नाहीत. महिनाभरात ते कमीजास्त होतं, बीज सुटायच्या सुमारास अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं. खाज असेल, दह्यासारखं असेल, घाण वास असेल तर औषध लागतं. अंगात त्राण नसण्याचं कारण बहुतेक वेळा रक्तात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हाडांचं राहू द्या, हिमोग्लोबिन तपासा.

बाकीचं संध्याकाळी. ओपीडी आहे.

देवगिरीकर, ६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

वेगळा धागा काढा म्हणालात तरी इथंच लिहितो. आमच्या वेळी मुली शिकायला होस्टेलात राहत नव्हत्या का? तेव्हा हे डबे नव्हते आणि या भानगडीही नव्हत्या. सगळं उघड बोलून मुलांना नको त्या वयात नको ते सुचवणं चाललंय.

कृष्णाकाठ, ६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

देवगिरीकर, आमच्या वेळी म्हणजे नक्की कुठल्या? १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्यांचाच मुलगा र. धों., विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. १९२१ साली त्यानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं तेही त्याच साली. या कामापायी र. धों.ची नोकरी गेली. मग १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. बाबासाहेबांच्याच पक्षानं १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला.

बापानं मुलींचं विद्यापीठ काढलं, मुलानं दवाखाना. शंभर वर्षं झाली, त्या दोन इमारतींच्या मधल्या भिंतीला अजून दार पडलेलं नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं तेव्हाही हाच 'नको ते सुचतं' युक्तिवाद होता. त्या वर्षी शाळेत असलेल्या मुली आज आया आहेत. 'हाडं झिजत नाहीत' हे त्यांनी कुठून शिकायचं?

(अवांतर: भानगडी तेव्हाही होत्या. गावोगावच्या विहिरींना माहीत आहेत.)

देवगिरीकर, ६ ऑगस्ट, सकाळी १०:२०

विहिरीचं पटलं. गप्प बसतो.

केमिस्टभाऊ, ६ ऑगस्ट, दुपारी २:१५

कॉलेजच्या चौकात आमचं मेडिकल आहे, वडिलांच्या काळापासून. काउंटरच्या या बाजूनं दिसतं ते सांगतो. मुलगी येते, आधी क्रोसिन मागते, मग विक्सची गोळी, दुकानातलं गिऱ्हाईक जायची वाट बघते. मग मोबाईलवर नाव टाइप करून स्क्रीन माझ्याकडे फिरवते. मी वर न बघता खाकी पाकिटात घालून देतो. चिल्लर परत घ्यायला थांबत नाहीत बऱ्याचजणी. पुष्कळदा मुलगा येतो आणि विचारतो, 'ती बाळ पाडायची बहात्तर तासवाली द्या.' दोन वेगळ्या गोष्टींची त्यानं एक करून टाकलेली असते.

बहात्तर तासवाली चिठ्ठीशिवाय मिळते, २००५ पासून. गर्भपाताचं किट वेगळं, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि खरं सांगायचं तर आम्ही ते ठेवतच नाही. महाराष्ट्रात एफडीएचा ससेमिरा आणि रजिस्टरची कटकट, कोण सांगतंय? आसपासच्या दुकानांतही नसतं. मग ते कुठून येतं? कुरियरनं, नाहीतर 'ओळखीनं'. पाकीट फोडलेलं, आतला कागद गायब. तुमच्या मुलीनं तेच घेतलं असणार.

आणि गौरीचं म्हणाल तर श्रावण संपत आला की पाळी लांबवायच्या गोळ्यांची पत्त्यांवर पत्ती जाते. आई येते, सासू येते, एकदा तर भटजी आले होते सुनेसाठी घ्यायला. त्यालाही चिठ्ठी लागते खरं म्हणजे. देतो सगळेच. मीही देतो. लिहिताना लाज वाटतेय, पण देतो.

मोगऱ्याची वेल, ६ ऑगस्ट, दुपारी ३:००

केमिस्टभाऊ, प्रामाणिकपणाला दाद. आमच्याकडे मी, जाऊ, नणंद तिघीही दर भाद्रपदात घेतो. सासूबाई सवाष्णीचं आमंत्रण आणि गोळीची पत्ती एकाच दिवशी देतात. आपण गौरीला माहेरवाशीण म्हणतो, पुरणाचं जेवू घालतो, पातळ नेसवतो. बाईच ना ती? तिला आमचा कसला विटाळ होतोय, हे एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, "फार शिकलीस."

स्टेथोवाली, ६ ऑगस्ट, संध्याकाळी ८:४५

गोळीच्या देवाधर्माच्या बाजूत मी पडत नाही, औषधाची बाजू सांगते. ती नॉरएथिस्टेरॉन. पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसाला तीनदा घेतात, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी मुलीनं वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून घेतली तर फारसं बिघडत नाही. पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, घरात तसा इतिहास असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ती घेऊ नये. आणि ही घेतली म्हणजे त्या दिवसांत गर्भ राहत नाही, असं समजणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तसं नसतं.

'सेफ दिवस' हाही असाच घोळ. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या अंदाजे चौदा दिवस आधी, मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नव्हे. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर दोन्ही एकच, पण पस्तीस दिवसांची असेल तर ते एकविसाव्या दिवशी येतं. त्यात पुरुषबीज पाच दिवस तग धरतं. होस्टेलातल्या मुलींच्या पाळ्या परीक्षेच्या महिन्यात कशा उड्या मारतात ते रेक्टरबाईंना विचारा, म्हणजे या हिशेबावर किती विसंबायचं ते कळेल.

पेठेतली, ६ ऑगस्ट, रात्री ११:३०

मी पुण्यात, पेठेत, स्पर्धा परीक्षेची तयारी. आमच्या रूमवर आम्ही पाच जणी आणि एक मंगळसूत्र.

तुळशीबागेतून आणलेलं, खोट्या वाट्या, काळे मणी. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लटकतं. लेडी डॉक्टरकडे जायचं असलं की जी जाते ती घालून जाते. संबंध आलेली असो नसो. मी पहिल्यांदा घातलं तेव्हा मला फक्त उन्हाळी लागली होती, लघवीला आग आणि ताप. पण त्याआधी एकदा साधी गेले होते तर डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "मिस का? मग हे कसं झालं?" अभ्यासिकेत दोनशे मुलांमागे एक बाथरूम, त्याची कडी तुटलेली, म्हणून सकाळी आठ ते रात्री नऊ आम्ही पाणीच पीत नाही. असं झालं बाई. मंगळसूत्र घालून गेले तर त्याच तक्रारीला दोन मिनिटांत तपासणी, गोळ्या, वर 'पाणी प्या हो' असा प्रेमळ सल्ला.

एक गंमत. आमच्यातल्या एकीला डॉक्टरांनी विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" ती गडबडीत म्हणाली, "प्रिलिम झाल्यावर."

स्टेथोवाली, तुम्ही खरंच काय विचारता, शब्दांसकट सांगाल का?

चहाबाज, ७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

प्रिलिम झाल्यावर :) पण ते मंगळसूत्र डोळ्यांपुढून जात नाहीये.

स्टेथोवाली, ७ ऑगस्ट, सकाळी ७:४०

पेठेतली, मी असं म्हणते: "मी काही प्रश्न सगळ्यांनाच विचारते, उत्तर या खोलीबाहेर जात नाही. कधी कुणाशी शरीरसंबंध आलाय का? शेवटचा कधी? त्यात तुझी मर्जी होती ना?" तिसरा विसरायचा नाही. लाजते, खाली बघते, पण सांगते.

आणि कायद्याचं एकदाच लिहून टाकते, कारण 'घरी फोन करतात का' याचं उत्तर त्यात आहे. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून कायदेशीर आहे. बेकायदा आहे ते गर्भलिंगनिदान. दवाखान्यांच्या भिंतीवर मोठ्ठ्या पाट्या त्याच्याच असतात, म्हणून मुलींना दोन्ही एकच वाटतं. २०२१ च्या दुरुस्तीनं 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आले. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, चोवीसपर्यंत काही ठरलेल्या परिस्थितींत दोघांचं. अविवाहितांनाही त्यात धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. मुलगी अठरा पूर्ण असेल तर संमती फक्त तिची. आईची नाही, बापाची नाही, त्या मुलाचीही नाही. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि पोक्सो या बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्यामुळे पोलिसांत कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. पण कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

आणि गोळ्या घेऊन कुणी आलीच होस्टेलात, तर तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजले की पहाटेची वाट बघायची नाही. डॉक्टरला खरं सांगायचं. उपचार करायला आम्हाला तेवढंच लागतं.

आरोग्यसेविका, ७ ऑगस्ट, दुपारी १:२०

उपकेंद्रात सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्या कामाची पद्धत सांगते म्हणजे ही पोर कुठून निसटते ते कळेल.

आमच्याकडे एक रजिस्टर असतं, 'पात्र जोडपी'. कुटुंबनियोजनाचं सगळं त्यावर चालतं. माला-एन, निरोध, छाया, अंतरा इंजेक्शन, तांबी, सगळं सरकारी दवाखान्यात फुकट, आणि घरपोच देणारी आशा ते रजिस्टर बघून देते. पात्र जोडपी म्हणजे लग्न झालेली. दुसरं रजिस्टर किशोरवयीनांचं. २०१४ पासून तो कार्यक्रम आहे, ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं कुणी लग्नाचं विचारत नाही. पण ते दहा ते एकोणीस वयाचं. विसावं लागलं आणि लग्न झालं नसलं, की मुलगी कुठल्याच वहीत नाही. एफवाय पास होऊन एसवायला गेली की सरकारच्या हिशेबातून गायब, ती थेट लग्नानंतर उगवते.

आम्ही काही वाईट नव्हतो हो. पण वहीत रकानाच नसेल तर तिला द्यायच्या गोळ्या मी कुणाच्या नावावर टाकू? मी टाकायचे. माझ्या वहिनीच्या नावावर. तिची शस्त्रक्रिया होऊन पंधरा वर्षं झाली होती.

कृष्णाकाठ, ७ ऑगस्ट, दुपारी १:४५

वहिनीला माझा नमस्कार.

बीडची लेक, ७ ऑगस्ट, रात्री ९:५५

मी एम.ए. करते. आईवडील दर दिवाळीनंतर कारखान्याला ऊसतोडीला जातात. माझ्या आईची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. मावशीची तिच्या आधी. गावात कुणाला त्यात वेगळं वाटायचं नाही. अंगावर पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलं की खासगी डॉक्टर म्हणायचा, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे बायकाही म्हणायच्या, जाऊ दे ती एकदाची. २०१९ मध्ये पेपरात आलं, सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मी शाळेत होते. बाईंनी वर्गात बातमी वाचली आणि आम्ही निम्म्याजणी एकमेकींकडे बघितलं.

रेक्टरबाई, तुमच्या मुलीनं लिहिलंय ना, हाडं झिजतात आई म्हणते. माझी आई पण म्हणते. आणि तिची खरंच दुखतात, कारण बीजकोषही काढलेत, तिशीतच पाळी जाण्याचं सगळं अंगावर आलं. तिला कुणी त्याआधी हे सांगितलं नाही की पांढऱ्या पाण्यावर आठ दिवसांच्या गोळ्या असतात. त्यामुळे आई चुकीचं सांगते म्हणून डॉक्टरबाई हसल्या तर तेवढं करू नका म्हणावं.

मला स्वतःला पांढरं जायचं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, पिशवी काढतील म्हणून. एकवीस वर्षांची होते आणि विद्यापीठात शिकत होते.

स्टेथोवाली, ७ ऑगस्ट, रात्री १०:३०

बीडची लेक, तू मला ओळखत नाहीस, पण तुझा प्रतिसाद उद्या ओपीडीतल्या शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? आईला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासायला सांग, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. आणि तू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस घेतलीस का? पुण्याच्या सीरमची देशी लस आली आहे, आधीच्या परदेशी लशीपेक्षा स्वस्त. तुझ्या वयाला तीन डोस दिले जातात, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते. त्या कॅन्सरची भीती दाखवून आईची पिशवी काढली, तो टाळायची सुई पिशवीसकट जगू देते.

परदेशी पाहुणी, ८ ऑगस्ट, पहाटे ३:५०

इंग्लंडला मास्टर्स करतेय, पहिलं वर्ष. इथं आल्यावर डॉक्टरांकडे नाव नोंदवलं, तर नर्सनं फॉर्म भरताना हवामान विचारावं तसं विचारलं, संबंध येतात का, पुरुषांशी, बायकांशी की दोघांशी. माझे कान तापले. मी तोंडावर आलेलं 'आय ॲम नॉट मॅरीड' म्हणून टाकलं. ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी, डिअर." गर्भनिरोधकं फुकट. पण अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे, त्यामुळे फार हळहळू नका. आणि इथल्या आपल्या मराठी मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न तेच येतात, कपवाला सुद्धा.

कृष्णाकाठ, ८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

कपवाल्या चिठ्ठीला कुणी उत्तर दिलं नाही अजून, म्हणून. कौमार्य तपासून कळतं याला शास्त्रात आधार नाही. योनीमुखाचा पडदा जन्मतःच प्रत्येकीचा वेगळा असतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ मध्ये 'कौमार्याच्या खुणा' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. त्याच वर्षी राज्य सरकारनं कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानण्याचं जाहीर केलं, कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी आवाज उठवल्यावर. तेव्हा त्या मुलीला सांगा, नवऱ्याला काही कळणार नाही, आणि कळावं असं त्यात काही नसतं.

रेक्टरबाई, १० ऑगस्ट, रात्री ११:००

दोन दिवस हा धागा मोबाईलवर मुलींना वाचून दाखवत होते, नावं मुळातच नाहीत म्हणून बरं. मंगळसूत्राच्या ठिकाणी सगळ्या हसल्या आणि मग तिसऱ्या रांगेतली एक म्हणाली, "मॅडम, आपल्याकडेपण आहे." मला अकरा वर्षांत पत्ता नव्हता.

येणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन करून केसपेपरच्या प्रश्नाचं बोलले. त्या आधी जरा फणकारल्या, मग म्हणाल्या, विचार करते. व्याख्यान नको म्हणून सांगितलंय. दोन तास स्टाफरूममध्ये बसतील, दार लोटलेलं, एकेक मुलगी आत. प्राचार्यांनी परवानगी 'हिमोग्लोबिन तपासणी शिबीर' या नावानं दिली आहे. हिमोग्लोबिन तपासूही.

डबा परत टांगलाय. आज उघडला तर तीनच चिठ्ठ्या. दोन आमटीच्या.

पेठेतली, १० ऑगस्ट, रात्री ११:२०

आणि तिसरी?

रेक्टरबाई, १० ऑगस्ट, रात्री ११:२५

"अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. थांबू का?"

स्टेथोवाली, १० ऑगस्ट, रात्री ११:२७

कशासाठी थांबायचं म्हणतेय ते आज रात्रीच शोधा. माझा नंबर व्यक्तिगत निरोपानं (व्यनि) पाठवतेय, कितीही वाजता करा.

रेक्टरबाई, १० ऑगस्ट, रात्री ११:३१

व्यनि मिळाला. खोल्यांकडे चाललेय.